डॉक्टर आले की आला?

जवळ सरका मंडळी, कीर्तनातही ऐकली नसेल अशी गोष्ट सांगतो. डोळ्यांच्या दवाखान्यात दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या एका काकूंना त्यांचे यजमान काकूंच्याच लाडक्या लेखकाची नवी रहस्यकथा वाचून दाखवत होते.

“‘दार ढकलून डॉक्टर आत आला.’”

“थांबा. आला? कालपर्यंत तर ‘आले’ होते!”

“तेच ते. जीभ घसरली.”

“मघाशी ‘तो हसला’ म्हणालात, तेव्हाही घसरली? चोरून शेवट वाचलात ना?”

“राहवलं नाही गं. तू झोपली होतीस.”

“म्हणजे खुनी डॉक्टर!”

“अगं हळू, लोक बघताहेत.”

“बघू देत! लेखकानं बिचाऱ्यानं तीनशे पानं खुनी झाकून ठेवला, तुम्ही एका काना-मात्रेत उघडा पाडलात. वर्षभर वाट पाहिली हो मी या पुस्तकाची!”

“दुसरं आणून देतो.”

“आणा. पण वाचायला शेजारणीला बोलावीन.”

तेवढ्यात नर्स आली.

“काकू, चला, डॉक्टर आले.”

“बघा, ही शहाणी. हिनं शेवट वाचलेला नाही.”

मंडळी, कुणाला गोष्ट वाचून दाखवाल तेव्हा खुन्यालाही शेवटपर्यंत अहो-जाहो करा, आणि पट्टीआडच्या त्या काकूंना आठवा.