राजसने अजून कुणाला मारलं नाही

नाही नाही, बसा ना रुचिराताई — तक्रार म्हणजे तशी नव्हे. राजस मारतो? कुठला मारायला! तेच सांगायला बोलावलं — अख्ख्या दुसरी 'ब'मध्ये तुमचा मुलगा एकटाच असा आहे, ज्यानं अजून कुणाला मारलं नाही. हसू नका हो, सीरियस आहे.

हा तक्ता बघा. 'रागावर तिळगूळ' — आमच्या शाळेचा उपक्रम, कल्पना माझीच. ज्यानं मारलं त्यानं सॉरी म्हणायचं, समोरच्याला तिळगूळ द्यायचा, गोड बोलायचं — की मारणाऱ्याला तक्त्यावर स्टार. हो, भर जूनमध्ये तिळगूळ! पनवेलच्या या चिकचिकाटात वड्यांचा पार गोळा होतो, पण मुलं काय खूश! पूर्वी क्वचित मारामारी व्हायची, आता रांग लागते. ऋचा आणि निनाद तर ठरवून मारतात — आज तू, उद्या मी. एवढा समजूतदारपणा मोठ्यांत तरी असतो का?

आणि हा राजसचा चौकोन — कोरा! उद्या ट्रस्टी येणार, सगळ्या चौकोनांत स्टार दिसला तर माझी नोकरी परमनंट, असं मुख्याध्यापिका मॅडम स्वतः बोलल्यात. सात वर्षं लटकतेय हो मी. करंजाड्याच्या फ्लॅटचा हप्ता, घरी सासूबाई — रात्री हिशेबच करत बसते. म्हणून म्हणते, घरी जरा प्रॅक्टिस घ्या. एक चापट! हलकीशी! काय बिघडतं?

मी काय कमी समजावलं? त्याच्या शेजारी मुद्दाम विश्वजीतला बसवला, तो दिवसभर चिमटे काढतो — तर हा म्हणतो, "टीचर, त्याला भूक लागली असेल." आता बोला!

ये रे राजस, ये आत. आईसमोर मार बरं मला. इथे, दंडावर. घाबरू नकोस, शांततेसाठीच आहे. मार ना बाळा... का नाही? अरे मार म्हणते ना! एवढं साधं जमत नाही? मठ्ठ कुठला — हात उचल! उचल!

...

अगं बाई.

ताई, मी — हातच उठला हो. लागलं का रे? गाल लाल झाला... हात काय पुढे करतोस? तिळगूळ? हो... हो. सॉरी बाळा. घे.

आता डबीतला स्टार कशाला काढतोस? तुझ्या चौकोनात नको, नियम तसा नाही — अरे, माझ्या पदराला काय चिकटवतोस...

ताई, न्या त्याला. जा म्हणते ना.