हळदीत आईचा आवाज

अरे, परवा घणसोली गावात भाच्याच्या हळदीला मी हादरलोच. डीजेवर चक्क माझी आई गात होती. तिला जाऊन बारा वर्षं झाली. तिची लग्नातली गाणी मी घरी एका कॅसेटवर भरून ठेवली होती. भाच्याने न विचारता त्या गाण्यांना डीजेचा ठोका लावला आणि पोरं त्यावर नाचत होती.

मी तरातरा स्टेजवर चढलो. "बंद कर. माझी आई आहे ती, तमाशा नाही."

खालून मावशी म्हणाली, "तू पेपरान नोकरीला लागलास तवा तिला काय बोललास? लग्नान गाऊ नको, मना लाज वाटतं. मंग बिचारी घरानच गायची, दार लावून."

डीजेवाल्याने मला विचारलं, "काका, काय करू?"

मावशीच म्हणाली, "आवाज वाढव."