आप्पांच्या फ्लेक्सची पिशवी

तळेगाव ढमढेऱ्यात शिरूरची जीप भरायची वाट बघत उभी होती. माझ्या पुढच्या सीटवर कडक इस्त्रीतले एक आप्पा आणि मांडीवर पिशवी घेतलेली त्यांच्याच गावची रश्मी.

"रश्मे, ह्या पिशवीवर माझं तोंड कसं काय?"

"तुमच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सची शिवलीय, आप्पा. शिरूरला कचऱ्यातनं वस्तू करायची स्टार्टअप स्पर्धेची शेवटची फेरी हाय, तिथं दाखवायचीय."

"म्हंजी मी कचरा व्हय?"

"फ्लेक्स गटारात पडला हुता. मी धुऊन काढला."

"आन् शिवण नाकावरनंच घातलीस?"

"माप तिथंच बसलं. पण तळाला बघा की, तुमच्या विरोधातले साहेबराव हायेत. पिशवीत भरलेले समदे कांदे त्यांच्यावर बसत्यात."

"आसं व्हय? मंग पिशवी मजबूत हाय."

"मागल्या फेरीत परीक्षकांनी इचारलं, कच्चा माल कायम मिळंल का?"

"तू काय म्हणलीस?"

"म्हणलं, आमचे आप्पा औंदा निवडणुकीला उभे हायेत."

"हुशार हायेस! तू नंबर काढ. तुझ्या अभिनंदनाचा ह्यो मोठा फ्लेक्स लावतो चौकात."

"लावा, आप्पा. फकस्त ह्या बारीला तोंड जरा बाजूला घ्या. मधोमध शिवण येती."