ताडपत्रीचं भाडं

(मे २०१४. आमगावजवळच्या एका गावातलं घर. लोकेंद्र कॉम्प्युटरपुढे, बायको भूमेश्वरी बाजूला. लोकसभेच्या निकालाची आदली दुपार.)

भूमेश्वरी : पण आपल्या रिंकीच्या कानाच्या ऑपरेशनचे पैसे त्या शेअरच्या खात्यात काऊन टाकले?

लोकेंद्र : मार्जिन लागते, सौद्याची अनामत. उद्या काढतो परत. नागपूरच्या डॉक्टरनं वीस तारीख दिली आहे ना?

भूमेश्वरी : आणि उद्या निकाल.

लोकेंद्र : म्हणूनच तर. ऑप्शन म्हणजे बाजाराचा विमा समज. सगळे घाबरून घेऊन राहिले, म्हणून महाग. मी विकतो. बाजार चढेल याचाही, पडेल याचाही. बाजार फार हलला नाही, तर हप्ता आपला.

भूमेश्वरी : हलला तर?

लोकेंद्र : नाही हलत एवढा.

भूमेश्वरी : तुम्हीच शिकवलं मला. विम्याच्या भावावरून बाजार वर जाईल का खाली ते कळत नाही, पण किती उसळेल याचा अंदाज निघतो. आज किती निघाला?

लोकेंद्र : पंधरा दिवसांआधीच्या दीडपट.

भूमेश्वरी : आणि तुम्ही म्हणता, हलणार नाही.

लोकेंद्र : लोकांची भीती खऱ्यापेक्षा मोठी असते. दहातून आठ वेळा.

भूमेश्वरी : उरलेल्या दोन वेळा?

लोकेंद्र : तीन वाजून गेले. बाजार बंद व्हायले वीस-पंचवीस मिनिटं राहिली. बोलू नको जरा.

कुंजीलाल : (बाहेरून येत) लोकेंद्र, शेजारचा शालीकराम आपली ताडपत्री भाड्यानं मागून राहिला. तीस रुपये रोज देतो म्हणते.

भूमेश्वरी : परवा तर दहा होते, बाबूजी.

कुंजीलाल : सगळं गावच मागून राहिलं. कापलेला उन्हाळी धान वावरात, बांधीत पडून आहे ना सगळ्यायचा.

भूमेश्वरी : आपलाही.

कुंजीलाल : ऊन पाह्य बाहेर. पाणी कुठून येते?

भूमेश्वरी : मागच्या साली हेच म्हणून दिली होती तुम्ही. धानाला कोंब फुटले.

लोकेंद्र : नका देऊ, बाबूजी. भाडं तिप्पट झालं, म्हणजे लोकायले काही दिसलं असन.

भूमेश्वरी : ऐकलं का, काय बोललात ते?

लोकेंद्र : ते वेगळं.

भूमेश्वरी : काऊन वेगळं?

कुंजीलाल : गडगडलं रे. सालेकसाकडून काळं आभाळ चढून राहिलं. सुनबाई, पोरगी दचकली असन, पाह्य बरं.

भूमेश्वरी : नाही, बाबूजी. झोपली आहे. तिला कुठं ऐकू येते.

कुंजीलाल : हो. मी भुलूनच जातो.

भूमेश्वरी : अहो. ते विकायचं बटण दाबलं का?

लोकेंद्र : नाही. काढून टाकली विकायची ऑर्डर. चला बाबूजी, ताडपत्रीचं एक टोक मी धरतो.