शिडीवरचे चार शुक्रवार

दारू सोडणाऱ्यांच्या बैठकीला आलेल्या भावासाठी मी दाराबाहेर थांबलो होतो. बैठक अजून सुरू व्हायची होती. आत बैठक चालवणाऱ्या मावशी शिडीवरच्या वायरमनशी बोलत होत्या.

“झाला का पंखा?”

“अजून कुरकुरतोय, मावशी.”

“चौथा शुक्रवार आहे हा. बैठक संपली की बरा नीट होतो!”

“जुना माल आहे.”

“आणि एवढ्या थंडीत पंखा हवाय कोणाला?”

“तेही खरंय.”

“वरून सगळं ऐकू येतं ना?”

“येतं... खाली बसलं की नाव सांगावं लागतं?”

“नाही.”

“रडावं लागतं?”

“कोणी रडतं, कोणी नुसताच चहा पितं.”

“हात थरथरतात हो माझे. लोक बघतील.”

“मागच्या शुक्रवारी तुमचा स्क्रूड्रायव्हर तीनदा खाली पडला. ज्यांनी उचलून दिला, त्यांचे हात बघितलेत का? मिटा ती शिडी.”