माडगं मागणारा रशियन म्हातारा

रशियन कादंबरी आजाऱ्यासमोर वाचू नये, हे मी अनुभवाने सांगते. माझ्या वडिलांचं, आप्पांचं, हृदयाचं ऑपरेशन होतं, नगरला. नंबर लागेपर्यंत त्यांचं मन रमावं म्हणून मी एकोणिसाव्या शतकातली एक जाडजूड कादंबरी मोठ्याने वाचत होते. आप्पा सोनईत दर श्रावणात घरी पोथी लावणारे. ते तितक्याच भक्तीने ऐकत होते, फक्त मधूनमधून त्यातल्या जमीनदाराला शिव्या देत होते.

नेमका कादंबरीतला म्हातारा शेवटच्या घटका मोजायला लागला आणि स्ट्रेचर आलं. मी पुस्तक मिटलं.

"अध्याय अर्धा सोडायचा न्हाई," आप्पा म्हणाले.

"आप्पा, डॉक्टर थांबलेत."

"थांबू दे. म्हाताऱ्याचं काय झालं ते कळल्याबिगर मी हलत न्हाई."

पुढच्याच ओळीत म्हातारा मरत होता. नजर पानावर ठेवून मी वाचलं, "पहाटे म्हाताऱ्याचा ताप उतरला. त्याने हुलग्याचं माडगं मागितलं."

आमच्याकडे आजारी माणसाला हीच पातळ पेज देतात. तोंडात तेच आलं.

"माडगं?" आप्पांनी माझ्याकडे बघितलं. मग स्ट्रेचरवर आडवे झाले.

दुपारभर मी बाहेर बाकावर बसून होते. ते पुस्तक उघडायचा धीर झाला नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मला आत सोडलं. आप्पांनी डोळे उघडले, मला जवळ बोलावलं आणि खोल गेलेल्या आवाजात म्हणाले, "आता खरं काय हाय ते वाच. म्हातारा मेला तरी चालंल."