ओवीच्या वेण्या आणि मैथिलीची शाळा

मंडळी, जरा पुढं सरका, दारातल्या आयाबायांना आत येऊ द्या. आज कीर्तनाला एकच प्रश्न घेऊन उभा आहे. खोट्या आशेवर एखादं लेकरू हसत असेल, तर ते खोटं राहू द्यावं की मोडावं? घाईनं माना हलवू नका. आधी ऐका!

करमाळ्यात ओवी दुधाळ नावाची मुलगी. आठवीतली. केस म्हणाल तर गुडघ्याला टेकणारे! मोबाईलसमोर बसायची आणि वेण्या घालून दाखवायची. पाचपेडी, खजुरी, सागरवेणी. गावोगावच्या पोरी बघायच्या. तुमच्या घरातली पोर काय बघते, तुम्हाला ठाऊक आहे? नाही ना? तेलाच्या कंपनीला मात्र बरोबर ठाऊक असतं!

तर अशी एक कंपनी ओवीच्या दारात आली. बाटली हातात धरून तिनं एवढंच म्हणायचं, की माझे केस या तेलानं वाढले, तुमचेही वाढतील. अहो, ते तेल तिनं डोक्याला लावलंच नव्हतं! केस आईवर गेलेले. पण तिला वाटलं, तेलच तर आहे, कुणाचं काय बिघडतंय? बोलली. जाहिरात गाजली. कंपनी म्हणाली, पुढची मुंबईत करू, मोठ्या फलकावर तुझा चेहरा लावू.

आणि मग जेऊरच्या एका बाईंचा निरोप आला. त्यांची मैथिली पाचवीत. चाई लागून डोक्यावरचे सगळे केस गेलेले. पोर ओवीताईचं तेल नेमानं लावते, एकदा भेटून जाल का?

ओवी आईला घेऊन गेली. मैथिली दारातच उभी, डोक्याला रुमाल, हसरी. ओवीला हाताला धरून आत नेलं, स्वतःचा रुमाल सोडला, मान वाकवली.

"ताई, जवळून बघ ना. आलेत का थोडे?"

मंडळी, माथा तेलानं चमकत होता. केस एकही नव्हता.

मागून मैथिलीची आई हातानं विनवत होती — हो म्हण, बाई, हो म्हण. कुणीही म्हटलं असतं! ओवी मात्र खाली बसली, तिच्या डोळ्यांसमोर.

"नाही आले. आणि मी ते तेल कधी लावलंच नाही. मी खोटं बोलले."

पोरीचे डोळे भरून आले. तिनं रुमालाची घडी घातली. मग म्हणाली,

"म्हणजे आता केसांची वाट नाही बघायची?"

"तेलानं येतील म्हणून नको बघूस."

"मग मी उद्या शाळेत जाते."

तेव्हा कळलं! केस आले की वर्गात जायचं, म्हणून ते लेकरू दिवाळीपासून घरात बसलं होतं. जिला सगळे आशा म्हणत होते, तिनंच पोरीला घरात कोंडून बाहेरून कडी घातली होती!

ओवीनं त्याच संध्याकाळी मोबाईलसमोर सगळं सांगून टाकलं. कंपनी रागावली. मुंबई गेली, फलक गेला, बघणाऱ्या कितीतरी पोरीही गेल्या. आणि मैथिली? सकाळी गणवेश घालून, रुमालाशिवाय, पहिल्या बाकावर जाऊन बसली. काही पोरं हसली. ती उठली नाही. बाईंनी हजेरीला नाव घेतलं, आणि ती 'हजर' म्हणाली.

मंडळी, इतक्या देवळांत उभा राहिलो, पण तो एक शब्द ऐकायला मी तिथं असायला हवा होतो. नुसतं सांगताना अंगावर काटा येतो, बघा.

आता तुमचं बोला. कुणाची मुलगी गोरी व्हायची वाट बघतेय, कुणाचा मुलगा दंड फुगायची. आरशापुढून हलत नाहीत. कुणी सांगितलं त्यांना, की अजून तुम्ही पुरे नाही? घरी गेल्यावर विचारा. आत्ता मात्र डोळे मिटा, आपापल्या लेकराचं तोंड आठवा, आहे तसं — आणि त्या तोंडाला हात जोडून देवाचं नाव घ्या.